पदकवाला फौजी खासदार होतो म्हणजे नक्की काय होतं? मेजर जनरल खंडुरींच्या करिअरवरून समजून घेऊ

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर निवडणुकीच्या आधी एक मेसेज फिरतोच, की हे सगळे पुढारी घरी बसवा आणि त्यांच्या जागी रिटायर्ड फौजी पाठवा, वर्षभरात देश सुतासारखा सरळ होतो की नाही बघा. माझे आजोबा फौजेत होते, त्यांची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे, त्यामुळे त्या मेसेजमागची भावना मला कळते आणि तिचा आदरही आहे. पण प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न पडतो, की समजा गेला एखादा जनरल लोकसभेत, तर तिथं तो करणार काय? तिथं हुकूम चालत नाही, सॅल्यूट नाही, शेजारी बसलेला माणूस कालपर्यंत साखर कारखान्याचा चेअरमन होता आणि दोघांच्या मताची किंमत अगदी सारखी. मग फौजेतलं नेमकं काय तिथं उपयोगी पडतं आणि काय गेटबाहेर ठेवून जावं लागतं?

हे समजून घ्यायला मी एकच माणूस निवडलाय, मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. जनरल व्ही. के. सिंह किंवा ऑलिम्पिक पदकवाले राज्यवर्धन राठोड आपल्याकडं जास्त माहितीचे आहेत, पण खंडुरींच्या प्रवासात सगळी स्टेशनं येतात बघा. फौज, पदक, खासदारकी, पराभव, केंद्रीय मंत्रिपद, दोनदा मुख्यमंत्रिपद, पुन्हा पराभव, आणि शेवटी एक असं काम ज्याला टीव्हीवर जागा मिळत नाही पण माझ्या मते तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं. तिथवर जायला थोडा वेळ लागेल, कारण मधल्या गोष्टी कळल्याशिवाय त्या कामाचं वजन कळत नाही.

आधी फौज. खंडुरींचा जन्म १९३४ चा, डेहराडूनचा. १९५४ ला ते सैन्यात अधिकारी झाले, तेही कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये, म्हणजे फौजेच्या भाषेत सॅपर. लढाईत पायदळ पुढं जातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या पायदळासाठी नदीवर पूल टाकणं, सुरुंग काढणं, रस्ता करणं हे सगळं सॅपर करतात, आणि बऱ्याचदा ते पायदळाच्याही पुढं असतात. त्यांच्या शिक्षणात पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगचंही नाव आहे, दापोडीचं सीएमई, पुणे-मुंबई रोडनं जाताना ज्याच्या भिंतीकडेनं आपण कितीतरी वेळा गेलोय. १९७१ च्या युद्धात ते रेजिमेंट कमांडर होते. जवळजवळ ३६ वर्षं नोकरी करून मेजर जनरल म्हणून ते निवृत्त झाले.

आता पदकाबद्दल, कारण इथं लोकांचा फार गोंधळ होतो. खंडुरींना अति विशिष्ट सेवा पदक मिळालं होतं. आपल्याकडं लष्करी पदक म्हटलं की सगळ्यांना वाटतं गोळीबारात केलेला पराक्रम, पण पदकांच्या दोन वेगळ्या रांगा आहेत. एक शौर्याची, त्यात शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, आणि शत्रू समोर नसताना, म्हणजे दहशतवादी असोत किंवा एखादी आपत्ती, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. दुसरी रांग सेवेची, परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक. ही १९६० ला सुरू झाली तेव्हा नुसती पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग अशी होती, आत्ताची नावं १९६७ ला आली. सेवेचं पदक म्हणजे या माणसानं वर्षानुवर्षं जबाबदारीची कामं फार चांगली निभावली याची पावती. म्हणून कुणी म्हणालं की अमुक खासदार पदकविजेता फौजी आहे, तर आधी पदक कुठल्या रांगेतलं ते बघायचं. यात कमी-जास्त काही नाही, पण माणूस कशात तयार झालाय ते त्यावरून कळतं. एखाद्या रात्रीच्या धाडसाचं एक पदक आणि वीस-पंचवीस वर्षांच्या चोख कामाचं दुसरं, आणि खरं सांगायचं तर संसदेत ही दुसरी सवयच जास्त लागते.

आता मधली भिंत. नोकरीत असलेला फौजी निवडणूक लढवू शकतो का? नाही. मत देऊ शकतो, पोस्टानं देतो, पण त्यापलीकडं काही नाही. आपल्या घटनेच्या कलम ३३ मध्ये सोय आहे की सैन्यातल्या लोकांच्या मूलभूत हक्कांवर संसद कायदा करून मर्यादा घालू शकते, आणि त्यातूनच १९५० चा आर्मी ॲक्ट आणि १९५४ चे आर्मी रूल्स येतात. त्या नियमांप्रमाणं सैनिकाला कुठल्या पक्षाचं मेंबर होता येत नाही, पक्षाच्या सभेला जाता येत नाही, वर्गणी देता येत नाही, आणि मी उमेदवार आहे असं जाहीर करणं तर लांबच, दुसऱ्या कुणी आपलं नाव उमेदवार म्हणून पुढं केलं तर ते होऊ देणंसुद्धा नियमाविरुद्ध. वरून कलम १०२ आहेच, सरकारी लाभाचं पद धरून खासदार राहता येत नाही. ही भिंत इतकी उंच का, तर शेजारच्या देशांकडं बघा, बंदूक आणि मतपेटी एकाच हातात गेली की काय होतं ते आपण जवळून बघितलंय.

पण निवृत्त झालं की भिंत एकदम गायब होते. मोठ्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी कंपनीत लगेच नोकरी धरायची असेल तर सरकारची परवानगी लागते, ठराविक काळ थांबावं लागतं, पण पक्षात जायचं असेल तर थांबायची काही अट नाही, आज वर्दी उतरवली आणि उद्या तिकीट घेतलं तरी कायद्यानं चालतं. मला हे बरोबर वाटत नाही. कंपनीत जाताना जी काळजी घेतो ती पक्षात जाताना का नको? खंडुरी स्वतः निवृत्तीनंतर थोड्याच काळात भाजपच्या तिकिटावर १९९१ ची लोकसभा आताच्या उत्तराखंडातल्या गढवालमधून लढले आणि जिंकले, म्हणजे ज्यांचं मी कौतुक करतेय त्यांनाही हा मुद्दा लागू होतो.

गढवालच का हे समजायला ती जागा समजून घ्यायला हवी. आपल्याकडं साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे ना, घराघरात फौजी, तसा तो अख्खा पट्टाच्या पट्टा आहे. गढवाल रायफल्सचं केंद्र तिथल्या लॅन्सडाउनला. डोंगरातली शेती पोट भरत नाही म्हणून पोरं फौजेत जायची आणि गाव मनीऑर्डरवर चालायचं. अशा ठिकाणी निवृत्त जनरल उभा राहिला की मतदाराला तो परका वाटत नाही, आपल्याच पोराचा साहेब वाटतो. शिवाय हेमवतीनंदन बहुगुणा, उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, हे त्यांच्या नात्यातले, म्हणजे राजकारण घराला अगदीच नवीन नव्हतं.

पण फौजी म्हणून एकदा निवडून आलं की झालं असं समजू नका. १९९६ ला तेच खंडुरी त्याच गढवालमध्ये सतपाल महाराजांकडून हरले. १९९८ ला परत जिंकले, १९९९ ला जिंकले, २००४ ला देशात भाजपची सत्ता गेली तेव्हाही ते जिंकले. मधल्या पराभवाची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण फौजेत प्रमोशन बोर्ड एकदा ठरवतं आणि विषय संपतो, इथं दर पाच वर्षांनी, कधी कधी दोन वर्षांनी, परत पहिल्यापासून.

नोव्हेंबर २००० मध्ये वाजपेयींनी त्यांना रस्ते वाहतूक आणि महामार्ग खातं दिलं. आधी राज्यमंत्री, स्वतंत्र कार्यभार. आता हे स्वतंत्र कार्यभार काय असतं? केंद्रात मंत्र्यांच्या तीन पायऱ्या आहेत, सगळ्यात वर कॅबिनेट मंत्री, सगळ्यात खाली साधा राज्यमंत्री जो कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली काम करतो, आणि मधे स्वतंत्र कार्यभारवाला, ज्याच्या डोक्यावर त्या खात्यात दुसरा मंत्री नसतो पण कॅबिनेटच्या बैठकीला त्याला एरवी बसता येत नाही, स्वतःच्या खात्याचा विषय असेल तेव्हा बोलावतात. खंडुरी २००३ ला कॅबिनेट मंत्री झाले.

त्यांच्या हातात आली ती सुवर्ण चतुष्कोन योजना. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता ही चार शहरं चौपदरी रस्त्यानं जोडायची, एकूण ५,८४६ किलोमीटर. घोषणा त्यांच्या आधीची, १९९८ ची, पण घोषणा करणं आणि जमीन ताब्यात घेऊन, टेंडर काढून, डांबर पडेपर्यंत पाठपुरावा करणं यात किती अंतर असतं हे आपल्या गावच्या एका पुलाकडं बघूनही कळतं. आपला पुणे-सातारा-कोल्हापूर-बेळगाव रस्ता याच चौकोनातला. लहानपणी कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या घाटात एसटी ट्रकच्या रांगेमागं अडकायची आणि आई खिडकीशी बसवून आलेपाकाची वडी द्यायची हे मला अजून आठवतं, त्यामुळे पुढं पुढं तो रस्ता रुंद होत गेला तो फरक मी अंगावर अनुभवलाय.

पैसा कुठून आला हा यातला खरा इंटरेस्टिंग भाग. त्याआधी रस्त्यांना बजेटमधून जे उरेल ते मिळायचं आणि उरायचं फारच कमी. मग पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागं १ रुपया सेस लावला, आणि सेंट्रल रोड फंडाचा कायदा २००० साली करून तो पैसा रस्त्यांसाठीच बांधून टाकला. सेस म्हणजे असा कर ज्याचं काम आधी ठरलेलं असतं. घरात नाही का आपण डब्यावर चिठ्ठी लावून ठेवतो, हे लाइट बिलाचे, याला हात लावायचा नाही, तसंच. दरवर्षी इतका पैसा नक्की येणार हे कळलं की त्याच्या भरवशावर कर्ज काढता येतं, कॉन्ट्रॅक्टरला कामाची खात्री देता येते. यातलाच काही भाग गावाकडच्या रस्त्यांना, पंतप्रधान ग्राम सडक योजनेला गेला. पुढं अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा दिसलं की या चौकोनाच्या १० किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांमध्ये कारखानदारी लांबच्या जिल्ह्यांपेक्षा जास्त वाढली.

या कामाची एक काळी बाजू आहे आणि ती न सांगता पुढं जाणं मला जमणार नाही. सत्येंद्र दुबे नावाचा तरुण इंजिनिअर, आयआयटी कानपूरचा, बिहार-झारखंडच्या पट्ट्यात याच रस्त्याच्या कामावर होता. मोठे कॉन्ट्रॅक्टर काम घेऊन छोट्यांना वाटून देतायत, दर्जा राहत नाहीये, पैसा खाल्ला जातोय, हे त्यानं २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते नाव गुप्त राहिलं नाही, पत्र त्याच्या माहितीसकट टेबलाटेबलावरून फिरत गेलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयनं तपासात लुटमारीचा प्रकार म्हटलं, २०१० ला तिघांना शिक्षा झाली, पण त्याच्या घरच्यांना ते कधी पटलं नाही. या खुनानंतर देशभर जो संताप झाला त्यातून २००४ मध्ये तक्रार करणाऱ्याचं नाव जपण्याचा सरकारी ठराव आला आणि २०१४ मध्ये कायदा. मंत्री स्वतः स्वच्छ होता असं त्यांचे विरोधकसुद्धा म्हणायचे, पण मंत्री स्वच्छ असणं आणि खात्याची खालपर्यंतची साखळी स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिटमध्ये सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, कडक असला की लंगरपर्यंत, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरापर्यंत, सगळं कडक चालतं, सरकारी खात्यात तसं होत नाही, कारण तिथं खालच्या माणसाचं भलं-बुरं मंत्र्याच्या हातात जेवढं असतं त्यापेक्षा जास्त कॉन्ट्रॅक्टरच्या हातात असतं. तो फॅमिली ग्रुपवरचा मेसेज नेमका इथं चुकतो.

मुख्यमंत्रिपदाबद्दल थोडक्यात सांगते. उत्तराखंड ९ नोव्हेंबर २००० ला वेगळं राज्य झालं. २००७ ला भाजप तिथं सत्तेत आला आणि खंडुरी मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते खासदार होते, आमदार नव्हते. घटनेच्या कलम १६४ प्रमाणं मंत्री किंवा मुख्यमंत्री आमदार नसला तरी चालतो पण सहा महिन्यांत व्हावंच लागतं. मग काय झालं, तर धुमाकोटचे काँग्रेसचे आमदार लेफ्टनंट जनरल तेजपालसिंह रावत यांनी आमदारकी सोडली, खंडुरी तिथून निवडून आले, आणि खंडुरींची रिकामी झालेली लोकसभेची गढवालची जागा २००८ च्या पोटनिवडणुकीत त्याच रावतांनी भाजपकडून जिंकली. दोन जनरलांनी जागा बदलून घेतल्या. २००९ ला लोकसभेत राज्यातल्या पाचही जागा गेल्या आणि पक्षानं खंडुरींना हटवलं, सप्टेंबर २०११ मध्ये निवडणूक तोंडावर आल्यावर परत बोलावलं.

त्या दुसऱ्या छोट्या टर्ममध्ये त्यांनी लोकायुक्त कायदा आणला, लोकायुक्त म्हणजे राज्यातल्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारी यंत्रणा. अण्णा हजारेंचं रामलीला मैदानावरचं उपोषण नुकतंच झालं होतं, आणि खंडुरींनी नोव्हेंबर २०११ मध्ये मुख्यमंत्र्यालासुद्धा चौकशीच्या कक्षेत घेणारं विधेयक पास करून घेतलं. अण्णांनी कौतुक केलं. मुख्यमंत्री-आमदारांविरुद्ध कारवाईला सगळ्या लोकायुक्त सदस्यांचं एकमत लागेल अशी अट त्यात होती, त्यावर टीका झाली आणि ती टीका मला बरोबर वाटते, कारण एकमत नावाची गोष्ट सोसायटीच्या मीटिंगमध्येही मिळत नाही. तरी त्या वेळी बऱ्याच राज्यांनी तेवढंही केलं नव्हतं. पुढं सरकार बदललं आणि तो कायदा त्या रूपात राहिला नाही.

२०१२ ची निवडणूक पक्षानं 'खंडुरी है जरूरी' या घोषणेवर लढवली. निकाल लागला तेव्हा भाजप ३१, काँग्रेस ३२, आणि ज्यांच्या नावावर प्रचार झाला ते खंडुरी स्वतः कोटद्वारमध्ये काँग्रेसच्या सुरेंद्रसिंह नेगींकडून हरलेले. एका जागेनं सत्ता गेली आणि ती जागा मुख्यमंत्र्याची होती! दहा वर्षांनी २०२२ मध्ये त्यांची मुलगी ऋतू खंडुरी हिनं त्याच कोटद्वारमध्ये त्याच नेगींना हरवलं आणि ती उत्तराखंड विधानसभेची पहिली महिला अध्यक्ष झाली, पण तो पुढचा विषय.

२०१४ ला खंडुरी पुन्हा गढवालमधून लोकसभेला उभे राहिले, वय जवळजवळ ८०, आणि पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. या वेळी मंत्रिपद नाही. त्यांना मिळालं संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचं अध्यक्षपद, आणि सुरुवातीला मी ज्या कामाबद्दल म्हणाले ते हेच.

स्थायी समिती म्हणजे काय ते नीट सांगते कारण शाळेच्या नागरिकशास्त्रात हे दोन ओळीत संपवतात. सरकारचं बजेट संसदेत येतं, लाखो कोटींचं, शेकडो पानं. सभागृहात पाचशेच्या वर खासदार, वेळ कमी, त्यात गोंधळ, तर संरक्षण खात्याला इतके पैसे का आणि ते कुठं जाणार हे तिथं तपासणं शक्यच नसतं, काही वर्षी तर बऱ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच एकगठ्ठा पास होतात. म्हणून १९९३ पासून खात्यांनुसार समित्या आहेत, आधी १७ होत्या, २००४ पासून २४. एका समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे मिसळून, आणि मंत्री असलेल्याला यात घेत नाहीत, कारण ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासणीला कसा बसणार. बजेट मांडल्यावर मधे सुट्टी असते ना संसदेला, त्या दिवसांत या समित्या एकेका खात्याच्या अनुदान मागण्या घेऊन बसतात. बंद दरवाजाआड. कॅमेरा नाही, त्यामुळे आरडाओरडा करून फायदा नाही, म्हणून तिथं खासदार कामाचं बोलतात. सचिव येतात, अधिकारी येतात, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात, लेखीसुद्धा. मग अहवाल येतो. त्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण प्रत्येक शिफारशीचं काय केलं हे सरकारला लेखी कळवावं लागतं.

आता संरक्षण समितीसमोर कोण येतं बघा. संरक्षण सचिव, आणि तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी, लष्कराचे उपप्रमुख वगैरे. उपप्रमुख म्हणजे लेफ्टनंट जनरल. आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला माणूस निवृत्त मेजर जनरल, म्हणजे फौजेच्या उतरंडीत एक पायरी खाली. छावणीत हे दोघे भेटले असते तर कुणी कुणाला सॅल्यूट करायचा यात शंका नव्हती. पण समितीच्या खोलीत लेफ्टनंट जनरल उत्तर देतो आणि मेजर जनरल विचारतो, कारण तो तिथं मेजर जनरल म्हणून बसलेलाच नाही, तो गढवालच्या लाखो माणसांचा खासदार म्हणून बसलाय. सैन्य लोकशाहीच्या हाताखाली असतं असं आपण म्हणतो ते प्रत्यक्षात कसं दिसतं असं कुणी मला विचारलं तर मी या खोलीकडं बोट दाखवीन.

मार्च २०१८ मध्ये या समितीचा अहवाल आला आणि एकदम खळबळ झाली. लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीला सांगितलं होतं की २०१८-१९ च्या बजेटनं आमच्या आशांवर पाणी पडलंय. आकडे असे होते. चांगल्या फौजेकडं साधारण एक तृतीयांश सामान जुन्या पिढीचं, एक तृतीयांश चालू पिढीचं आणि एक तृतीयांश अगदी अद्ययावत असं असावं, आणि आपल्याकडं होतं ६८ टक्के जुनं, २४ टक्के चालू आणि फक्त ८ टक्के अद्ययावत. दुसरा आकडा याहून बोलका. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी रुपये, आणि आधीच करार झालेल्या १२५ योजना आणि तातडीच्या खरेद्या यांचे हप्तेच द्यायचे होते २९,०३३ कोटींचे.

याला कमिटेड लायबिलिटी म्हणतात आणि ते समजायला अवघड नाही. समजा पगारातून घरखरेदीसाठी महिन्याला २१ हजार बाजूला पडतात आणि आधीच घेतलेल्या कर्जांचे हप्ते आहेत २९ हजार. नवीन वस्तू घ्यायचा विषयच नाही, जुने हप्तेच थकणार. बजेट भाषणात मात्र संरक्षणासाठी इतके लाख कोटी असा एकच मोठा आकडा येतो आणि टीव्हीवर तो झळकतो, पण त्यातला केवढा भाग पगाराचा, केवढा पेन्शनचा, केवढा जुन्या हप्त्यांचा हे वेगळं काढल्याशिवाय नवीन तोफेसाठी किती उरलं ते कळत नाही. खंडुरींच्या समितीनं ते वेगळं काढून छापलं. आणि लक्षात घ्या, सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं.

फौजी असण्याचा खरा उपयोग मला इथं दिसतो. एखाद्या वकील किंवा शेतकरी खासदारालाही हे आकडे वाचता येतात, प्रश्नच नाही. पण दारूगोळ्याचा साठा इतके दिवसांचा आहे असं कागदावर आलं की त्याचा जमिनीवर अर्थ काय, पुलाचं सामान तीस वर्षं जुनं असलं की नदीकाठी काय होतं, हे ज्यानं स्वतः पूल टाकलेत त्याला समजावून सांगावं लागत नाही. अधिकारी गोल गोल बोलायला लागला की त्याला पुढचा प्रश्न सुचतो. आणि सेवेचं पदक ज्या सवयीला मिळतं, तीच ती कागद नीट वाचायची, आकडा तपासायची, वरच्याला नको असलेली गोष्ट रिपोर्टमध्ये लिहायची सवय.

या समितीनं एक जुना मुद्दाही लावून धरला, तो म्हणजे न संपणारा निधी. आपल्याकडं ३१ मार्चला सरकारी पैसा खर्च झाला नाही तर तो परत जातो. रस्त्याच्या खड्ड्यांना मार्चमध्ये अचानक डांबर का लागतं त्याचं कारणही हेच. पण पाणबुडी किंवा तोफ काही मार्चपर्यंत मिळत नाही, चाचण्या, वाटाघाटी, करार यात वर्षं जातात, मग या वर्षी ठेवलेला पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी परत मागावा लागतो, मिळेलच असं नाही. म्हणून भांडवली खरेदीसाठी असा फंड हवा ज्याचे पैसे वर्ष संपलं तरी तिथंच राहतील. रस्त्यांच्या सेसचा डबा आठवा, तीच कल्पना. २००४ च्या अंतरिम बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी अशा २५,००० कोटींच्या फंडाची घोषणा केली होती, आणि जसवंत सिंहसुद्धा फौजेतले, मेजर. निवडणुकीत सरकार गेलं आणि ते तिथंच राहिलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये समितीचे अध्यक्ष म्हणून खंडुरींच्या जागी भाजपचेच खासदार कलराज मिश्र आले. या समित्या दरवर्षी नव्यानं बनतात, त्यामुळे नियमानं त्यात काही गैर नाही. विरोधकांनी पुढं २०१९ च्या प्रचारात म्हटलं की बोचरे प्रश्न विचारले म्हणून त्यांना काढलं. खंडुरींनी स्वतः जाहीरपणे पक्षावर तोंडसुख घेतलं नाही आणि २०१९ ला ते निवडणुकीलाही उभे राहिले नाहीत. त्यांचा मुलगा मनीष तेव्हा काँग्रेसकडून गढवालमध्ये लढला आणि तीरथसिंह रावतांकडून हरला, जे रावत खंडुरींच्याच तालमीतले मानले जायचे, म्हणजे वडिलांनी त्या निवडणुकीत काय सोसलं असेल याची कल्पनाच करावी.

फंडाचा मुद्दा मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये १५ व्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्र आणि राज्यांत कराचा पैसा कसा वाटायचा हे सुचवणाऱ्या आयोगाचा, अहवाल संसदेत मांडला गेला, त्यात संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी वर्षाअखेर परत न जाणारा फंड करा असं लिहिलं होतं, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २,३८,३५४ कोटी रुपयांचा.